देविदासनं मंजूर केलेला आठवा विषय

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या साखर कारखान्याची वार्षिक सभा होती आणि माइकवर विषय वाचायला मी. नोकरी कारकुनाची, पण आवाज बरा म्हणून दरवर्षी हे काम माझ्याच गळ्यात पडायचं.

सभेची आमची एक पद्धत होती. पहिल्या चार रांगांत आमचेच कामगार बसवायचे. बहुतेकांच्या घरी ऊस, नावावर शेअर, त्यामुळे तेही सभासदच. मी विषय वाचायचा आणि वाक्य संपायच्या आत त्यांनी "मंजूर, मंजूर" असा गजर करायचा. मागं बसलेल्या शेतकऱ्यांना विषय कळेपर्यंत पुढचा सुरू झालेला असायचा.

सभेचा वृत्तांत तर मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो. प्रत्येक ठरावाखाली "सर्वानुमते मंजूर"... नवरदेव यायच्या आधीच लागलेलं लग्न म्हणा ना!

गजरात सगळ्यात मोठा आवाज देविदासचा. तांड्यावरचा हा माणूस आमच्याकडं पॅनमन होता. उकळत्या रसाचा थेंब काचेवर घेऊन, साखरेचा दाणा धरला की नाही ते तो नुसत्या नजरेनं सांगायचा. पण नोकरी हंगामी. कारखाना बंद असायचा त्या महिन्यांत हंगामी लोकांना थोडा पगार मिळायचा, त्याच्यावर देविदासनं पोरीला हिंगोलीला अकरावीला घातलं होतं.

त्या वर्षी दोन विषय जरा अवघड जागचे होते. सातवा, एमडी साहेबांच्या पगारवाढीचा. आठवा, हंगामी कामगारांचा बंद काळातला पगार थांबवण्याचा. चेअरमन साहेबांनी सकाळीच मला बजावलं होतं, "सात आन् आठ एका दमात वाचा."

खरं सांगायचं तर एमडी साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. हुशार होते, वेळेवर यायचे. पुण्याकडचा माणूस इकडं टिकवायचा तर पैसा मोजावा लागतो, असं चेअरमन म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यांच्या नव्या पगारात माझ्यासारखे वीस कारकून आरामात बसले असते... आणि त्याच पानावर, खालच्याच ओळीपासून, काटकसर सुरू होत होती.

मी एका दमात वाचलं. "मंजूर!" देविदासनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. स्वतःचाच पगार बंद करायला त्यानं सगळ्यांच्या आधी होकार दिला होता.

एवढ्यात बायकांच्या बाजूला त्याची आई, सीताकाकी, उभी राहिली. नवरा गेल्यावर शेअर तिच्या नावावर झाला होता. "ए बाबू, काहून पळून राहिलास? ह्या पोरानं कशाला व्हय म्हणलं, ते वाच की बराबर."

लोक हसले. चेअरमनचा इशारा यायच्या आत मी परत वाचायला लागलो. धाडस वगैरे काही नव्हतं हो, म्हाताऱ्या माणसानं विचारलं तर सांगायचं, एवढीच सवय. सावकाश वाचलं. आधी साहेबांचा पगार, मग "काटकसरीचा भाग म्हणून" हंगामी कामगारांचा.

देविदास हळूच उठला. "मी मघाशी मंजूर म्हणलं, ते वापस घेतो."

"तसं वापस घेता येत नसतं, विषय होऊन गेला," चेअरमन म्हणाले. मागून गलका व्हायला लागला, तशी त्यांनी माइकवाल्याला खूण केली आणि राष्ट्रगीत लागलं. सगळे ताठ उभे राहिले. ते संपलं आणि सभाही संपली.

जेवणाच्या पंगती बसत होत्या तेव्हा काकी माझ्यापाशी आली. "साहेबाला जास्ती दिलं त्याचं मला काई न्हाई रे बाबू. मोठा माणूस हाय, घेईल. पण माझ्या लेकराच्या ताटातलं उचललं, आन् त्याच्याच तोंडून व्हय म्हणवून घेतलं. काहून केलं असं तुमी?"

त्या "तुमी"त मीही होतो. मला फार लाज वाटली.

ऑफिसात येऊन टाइप केलेल्या कागदावर पेनानं एक ओळ घातली... "ठराव क्रमांक आठला एका सभासदाचा विरोध" आणि काकीचं नाव, कारण शेअर तिच्याच नावावर होता. चेअरमननी न वाचता सही केली. फरक काहीच पडला नाही. पगार बंद झाला, पोरगी वर्षभर तांड्यावर घरी बसली.

देविदास कामावर येत राहिला. पण आधी पाळी संपली तरी दाणा धरेपर्यंत थांबणारा माणूस आता भोंगा झाला की डबा उचलायचा. मी विचारलं तर म्हणाला, "आता साहेबच बघतील की." पण दाणा नजरेनं ओळखणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. त्या हंगामात साखर पिवळट निघाली, साहेबांनी दोन मशिनरीवाले बोलावले, त्यांना यंत्रात काही सापडलं नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक त्या पेनानं लिहिलेल्या ओळीचं कौतुक करतात. मला मात्र आधीचं वाचनच आठवतं. सातवा आणि आठवा, एका दमात, एकही शब्द न अडखळता... काकीचे उपकार एवढेच की तिनं अडवलं. नाहीतर आज वाचन फार छान झालं, असंच समजून मी पंगतीला बसलो असतो.