आंटीने दाबलं की चालायचं

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. नागपूरच्या आमच्या घरात ना कधी अंगारा आला, ना कुणाची दृष्ट काढली गेली. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आम्ही 'असं का?' विचारतच मोठे झालो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

साल २००६. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत मी पॉवर कन्व्हर्टरचं डिझाइन करायचो. त्यात वर-खाली दोन ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांना चालू-बंद करतो तो गेट ड्रायव्हर. एक पूर्ण बंद झाल्यावरच दुसरा चालू व्हायला हवा. दोन्ही एकदम चालू झाले की शॉर्ट होऊन स्फोट, आणि मग समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांची काही खात्री नाही. म्हणून खऱ्या बोर्डाला वीज द्यायच्या आधी सगळं सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं — सिम्युलेशन.

माझं सिम्युलेशन चालतच नव्हतं. वरचा ट्रान्झिस्टर चालू व्हायची वेळ आली की गणित अडकायचं आणि एरर यायची. दोन आठवडे डोकं आपटलं. रेझिस्टर बदलले, डायोडचं मॉडेल बदललं, कोऱ्या फाइलमध्ये सर्किट पहिल्यापासून काढलं... ढिम्म! शुक्रवारी मॅनेजर मिस्टर को यांना रिपोर्ट द्यायचा होता. तो दिला नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, पाच आठवड्यांत संपत होता. माझ्या बायकोला, सुजाताला, सातवा महिना लागला होता. रात्री झोप कुठली यायला.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी पाण्याची बाटली भरायला उठलो. परत येतो तर सफाईवाली आंटी माझं टेबल पुसत होती आणि स्क्रीनवर सिम्युलेशन चक्क पळत होतं. फडक्याने एन्टर दाबला गेला असणार. ते शेवटपर्यंत गेलं. एक ट्रान्झिस्टर बंद, मध्ये जराशी उसंत, मग दुसरा चालू — अगदी हवं तसं. मी खुशीत तीच फाइल लगेच पुन्हा चालवली.

एरर.

आता बघा, सिम्युलेशनमध्ये नशीब नसतं. तीच फाइल, तेच आकडे, तर उत्तरही तेच यायला हवं. बटण कुणी दाबलं हे गणिताला कळायचं कारणच नाही. मला भीती वगैरे वाटली नाही, उलट मजा वाटायला लागली. बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या, बोर्डांची चाचणी घेणाऱ्या लिमला सांगितलं. तो आधी हसला, मग खुर्ची ओढून बसला. आम्ही आंटीला विनंती केली. तिने दाबलं — चाललं. लिमने दाबलं — एरर. लिमचा कॉम्प्युटर घेतला, नेटवर्कची वायर काढली, स्क्रीनवर कागद चिकटवून बघितलं. अकरा वेळा आंटीने दाबलं, अकराही वेळा चाललं. आमच्या दोघांचं एकदाही नाही. आंटी मात्र मध्येच घड्याळ बघायची, तिचे दोन मजले पुसायचे राहिले होते.

आता प्रश्न होता रिपोर्टचा. आंटीने चालवलेल्या सिम्युलेशनचे वेव्हफॉर्म, म्हणजे व्होल्टेजचे आलेख, तर हातात होते. चिकटवायचे, सही करायची, कोण विचारतंय? पण जे मला स्वतःला पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याच्या भरवशावर लिमला त्या बोर्डासमोर कसा उभा करू? घरी सुजाताला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, आंटीलाच नोकरी द्यायला सांगा. मग गंभीर झाली.

"आहे तेच लिहा. पासाचं पुढे बघू."

मी लिहिलं — सिम्युलेशन फक्त एकाच व्यक्तीने सुरू केल्यास पूर्ण होतं, कारण माहीत नाही. पुढे त्या व्यक्तीचं नाव लिहायला गेलो आणि हात थांबला. दोन वर्षं ती माझं टेबल पुसत होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं. लिमलाही नाही. ऑफिसात कुणालाच नाही.

शुक्रवारी सकाळी तिला गाठून नाव विचारलं. तिचा चेहरा एकदम उतरला.

"व्हाय वॉन्ट माय नेम? आय डू राँग, इज इट?"

मी खूप समजावलं, चांगल्यासाठीच लिहितोय म्हटलं. तिने फडकं बाजूला ठेवून माझ्या कागदावर चिनी अक्षरांत सावकाश नाव लिहिलं. मिस्टर कोंनी रिपोर्ट वाचला, स्वतः येऊन एन्टर दाबला, एरर बघितली. मग आंटीला बोलावलं. तिने दाबलं, चाललं. त्यांनी उभ्या उभ्याच सही केली. एवढंच म्हणाले की बोर्डाला वीज देताना सगळ्यांनी काचेमागे थांबायचं.

सोमवारी काचेमागून बघितलं. खऱ्या बोर्डाचे वेव्हफॉर्म आंटीच्या वेव्हफॉर्मसारखेच, तंतोतंत. माझा पास वाढला, पुढे मुलगी झाली.

बोर्ड चालल्याची बातमी सांगायला त्या सोमवारी दुपारीच मी आंटीची वाट बघत बसलो, तर फडकं घेऊन दुसरीच बाई आली. आंटीने शनिवारीच कॉन्ट्रॅक्टरकडून दुसरी बिल्डिंग मागून घेतली होती. आपलं नाव ऑफिसच्या कागदावर चढलं, आता तक्रार होणार, असं ती म्हणत होती म्हणे. कुठली बिल्डिंग ते कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्यानंतर ती फाइल कुणाच्याच हाताने चालली नाही. मी बऱ्याच जाणकारांना दाखवली, कुणाला कारण सापडलं नाही. मलाही नाही. तिचं नाव मात्र मी चिनी येणाऱ्या एका शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. त्या नावाने तिला हाक मारायची राहूनच गेली.