ज्ञानोबानं गाडी धुतली म्हणून

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, धंद्यातल्या दोस्तांपुढं नाही. देवापुढंही मी कधी हा विषय काढला नाही — त्याला ठाऊक असणारच, उगाच आठवण कशाला करून द्यायची? मग तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही, आणि तरी ऐकायला बसलात. तेवढं मला पुरेसं आहे.

आधी एक स्पष्ट करतो. मी कच्चा मिस्त्री नाही. नांदेडच्या बाहेर, बायपासला माझं गॅरेज आहे, आणि ट्रकच्या इलेक्ट्रिकल कामात माझा हात धरणारा या पट्ट्यात दुसरा कुणी नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. आताच्या ट्रकला इंजिनाचा कंप्युटर असतो, एक चपटा काळा डबा. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तो ठरवतो. आम्ही मिस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतो, ड्रायव्हर नुसतं डबा म्हणतात. तो आजारी पडला की भलेभले डोकं धरून बसतात. मी बसत नाही. लातूरहून, उदगीरहून, देगलूरहून गाड्या टोचन करून आणतात आणि माझ्या दारात उभ्या करतात. 'बालाजी उस्तादकडं न्या' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पण हे नाव झालं कसं? तिथंच सगळी गोम आहे.

ज्ञानोबा मुखेडकडचा. उदगीरच्या शिवराजअप्पांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. अप्पांचा धान्याचा व्यापार. गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसापासून स्टिअरिंग ज्ञानोबाच्याच हातात. मालकी अप्पांची, पण लाड सगळे ज्ञानोबाचे. केबिनमध्ये चप्पल घालून कुणाला चढू द्यायचा नाही. एकदा मलासुद्धा खाली उतरवलं त्यानं. 'उस्ताद, पायताण खाली. घर हाय ते माझं.' मी हसलो होतो. थोडा चिडलोही होतो — गॅरेज माझं, आणि नियम ह्याचे?

दसऱ्याच्या आधी आमच्या लाइनीत, म्हणजे बायपासच्या गॅरेजांच्या रांगेत, पाय ठेवायला जागा नसते. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून प्रत्येकाला त्याआधी गाडी नवरीसारखी करून हवी. कुणाला बंपर रंगवायचा असतो, कुणाला नवा हॉर्न बसवायचा असतो. ज्ञानोबाच्या केबिनची पायरी तुटली होती. पूजेला तुटकी पायरी कशी चालेल? माझा वेल्डर सणाला गावी गेलेला. मी म्हणालो, लाव गाडी इकडं, मीच मारतो टाके.

आता नियम ऐका. अशा गाडीला वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीच्या वायरा काढायच्या आणि डब्याची सॉकेटं ओढून बाजूला ठेवायची. नाहीतर वेल्डिंगचा करंट चेसिसमधून फिरत फिरत डब्यात शिरतो आणि त्याला आतून भाजतो. हे मला कुणी सांगायचं? मीच आख्ख्या लाइनीला शिकवलेलं. जो चुकेल त्याला मी चारचौघांत झापायचो — 'डोकं घरी ठेवून काम करून राहिला का रे?' — आणि बाकीचे हसायचे. त्या दिवशी मी स्वतः सॉकेटं काढली नाहीत. विसरलो, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण विसरलो नव्हतो. डबा समोर दिसत होता. मागं गाड्यांची रांग लागली होती. मला वाटलं, चार टाके तर मारायचे आहेत, आणि हात माझा आहे. दुसऱ्याच्या हातानं बिघडतं, माझ्या हातानं कशाला बिघडेल?

पायरी झकास बसली. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. ज्ञानोबा खूश होऊन गेला. खंडेनवमीला त्यानं प्रेशर पंपाचं पाणी मारून गाडी लख्ख धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मोबाइलवर मला फोटोही पाठवला होता. चांगला होता फोटो.

दसरा झाला आणि गाडीला खोड लागली. इंजिन तापलं की बंद पडायची, गार झालं की चालू व्हायची. ज्ञानोबा फोनवर विचारायचा, मी म्हणायचो, आण एकदा, बघू. मग एके दिवशी सोयाबीन भरून नांदेडला येताना ती मुखेडच्या पुढं थांबली ती थांबलीच. टोचन करून माझ्याकडं आणली. स्कॅनर लावला तर डबा बोलेना. मी डबा काढला, उघडला. रबराचं सील जागच्या जागी होतं. सॉकेटच्या पिना चकचकीत होत्या. आत ओलीचं नाव नव्हतं. फक्त अर्थिंगच्या बाजूची एक पट्टी जळून काळी पडली होती. पाहिल्याबरोबर कळलं. दुसऱ्या कुणाच्या गॅरेजमध्ये असा डबा दिसला असता तर मी लांबूनच ओरडलो असतो, वेल्डिंग कुणी केलं रे?

अप्पा उदगीरहून आले. 'कशानं झालं रं बालाजी?' शांतपणे विचारलं. अप्पा भला माणूस. माझ्याकडून झालं, असं म्हणालो असतो तर दोन शिव्या हासडून चहा मागवला असता त्यांनी. मला अप्पांची भीती नव्हतीच. मला लाइनीची भीती होती. ज्यांना मी झापलं होतं ते सगळे आजूबाजूला उभे होते, कान टवकारून. ते हसले असते. आणि ते मला — खरं सांगतो — मेलो तरी चाललं नसतं.

'पाणी गेलं, अप्पा,' मी म्हणालो. 'पूजेला प्रेशरनं धुतली ना गाडी.'

ज्ञानोबा शेजारीच होता. 'न्हाई हो उस्ताद. डब्याकडं पाइप न्हेलाच न्हाई म्या.' अप्पा व्यापारी माणूस, पोत्यात हात घातल्याशिवाय मालाचा भाव बोलत नाहीत. म्हणाले, 'उद्या येतो. मला दाखव पाणी कुठं गेलं ते.'

इथं थांबलो असतो तर ते नुसतं तोंडातून गेलेलं खोटं ठरलं असतं. तसं खोटं कोण बोलत नाही? पण पुढचं मी हातानं केलं. सगळे गेल्यावर ग्लासभर पाण्यात मीठ कालवलं. ते पाणी डब्याच्या पिनांमध्ये सोडलं आणि बॅटरीच्या दोन वायरा जोडल्या. खाऱ्या पाण्यात करंट सोडला की गंज भराभर चढतो, हे माझ्यासारख्याला ठाऊक असतं. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि पाहत राहिलो. चकचकीत पिना हिरव्या पडल्या. मग डबा नीट पुसून वाळत ठेवला. हात थरथरले का? नाही. माझे हात कामात थरथरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. मग ज्ञानोबा वाकला. त्यानं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं होतं, भांडेल. म्हणेल, हे काल नव्हतं. पण काल त्यानं डब्यात डोकावलंच नव्हतं, माझ्यावर सोपवून तो बाजूला उभा होता. तो सरळ झाला आणि म्हणाला, 'मंग गेलं आसंल. चुकलंच माझं.' खिशातली किल्ली काढून त्यानं अप्पांच्या हातात ठेवली. अप्पांनी ती अजून मागितलीही नव्हती. त्यांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, आणि किल्ली खिशात टाकली.

नवा डबा मीच बसवला. नुसता बसवून भागत नाही. गाडीची ओळख त्यात भरावी लागते, एकेका इंजेक्टरचा कोड द्यावा लागतो, एक आकडा चुकला तर इंजिन खोकत बसतं. मी एकाही ठिकाणी चुकलो नाही. ते काम आजही कुणाला दाखवावं इतकं चोख झालं. अप्पांनी उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जाऊन सांगितलं की बालाजीनं डबा उघडून नुसत्या नजरेनं दोष पकडला. तिथून माझं नाव पसरलं. हिरव्या पिनांची ती गोष्ट लोक अजून सांगतात, आणि सांगताना माझी पाठ थोपटतात. मी थोपटून घेतो.

आणि ज्ञानोबा? त्याला लाइनीतले ड्रायव्हर 'वॉशिंग सेंटर' म्हणायला लागले. 'काय वॉशिंग सेंटर, आज कुणाचा डबा बुडवून राहिला?' आमच्या लाइनीत एकदा नाव पडलं की पडलं. कंप्युटरची गाडी त्याच्या हातात कुणी देईना. तो मुखेडला परत गेला, वीटभट्टीवरच्या जुन्या ट्रॅक्टरवर लागला. ज्याच्या केबिनला दारं होती, गादी होती, जो चप्पल बाहेर काढायला लावायचा, तो माणूस मातीनं माखलेल्या उघड्या सीटवर बसून विटा ओढतो. हे मला माहीत होतं. कुणी न सांगताही मला माहीत राहिलं असतं.

यंदा दसऱ्याला मुखेडजवळ एक गाडी बंद पडली म्हणून मी गेलो. काम उरकून परत निघालो तर रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर दिसला, आणि ज्ञानोबा. तो घट्ट पिळलेल्या फडक्यानं ट्रॅक्टर पुसत होता. इंजिनाजवळ आला की फडकं बाजूला ठेवायचा आणि कोरडं घ्यायचा. त्या ट्रॅक्टरमध्ये कंप्युटर कुठला? नुसतं लोखंड आहे ते. नदीत उभा केला तरी त्याचं काही बिघडत नाही. मी थांबलो. थांबायला नको होतं, पण थांबलो.

मला पाहून त्याला मनापासून आनंद झाला. हो, आनंद. 'उस्ताद! पाणी लावत न्हाई म्या आता. एकदा माझ्या हातानं लक्षुमी मेली, आता न्हाई. तुमी दाखवलं म्हून कळलं, न्हाईतर म्या तसंच धूत बसलो असतो.'

सांगायला जागा होती. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, लाइन नव्हती, हसणारं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, 'बरं करतोस.'

त्यानं ट्रॅक्टरवर ठेवलेली आपट्याची पानं घेतली, माझ्या हातात सोनं दिलं आणि पाया पडायला वाकला. वयानं तो माझ्याएवढाच आहे, वाकायचं काही कारण नव्हतं. मी पाय मागं घेतले नाहीत.