लाकडाशी गट्टी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चन्नवीर बडिगेर परतवाड्याच्या लाकूड डेपोत गुडघे टेकून, सागाच्या एका ओंडक्याला कान लावून बसला होता. दुसऱ्या टोकाला वाकून विरुपाक्ष हातोडीनं टकटक करत होता. लाकूड आत पोकळ असेल तर आवाज मधेच बसतो. चन्नवीरच्या कानाशी तो खणखणीत पोचत होता.

साल १९७४. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तीस वर्षं माग बनवणाऱ्या या सुताराला एका जादा रुंद हातमागाचं काम आलं होतं. कापड गुंडाळायच्या रुळाला अकरा फुटांचं बिनजोड सागवान हवं. ते सोलापुरात एकाही वखारीत निघालं नाही. लाकूड नाही तर काम नाही. म्हणून वखारवाला विरुपाक्ष लिलावाला निघाला, तेव्हा चन्नवीरही त्याच्याबरोबर गाडीत चढला.

आदल्या दिवशी छोट्या गाडीनं परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपूरला उतरल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जुन्या गावात गल्लोगल्ली सागाची दारं. एका दारावरून तो हात फिरवत असताना आतून बाई बाहेर आल्या.

"कोन पाह्यजे जी?"

"कुनी न्हाई बाई. दारच बघतूय."

डेपोत शिरताना विरुपाक्षनं बजावलं होतं, "मामा, हितं मान हलवली की बोली धरत्यात. आपल्याला बेचाळीस नंबर घ्यायचाय. पैसे एकाच ओंडक्याचे हायत."

आता दोघं एकेचाळीस नंबर वाजवून बघत होते, तो नुसता आवाज ताडून बघायला.

"आनि एकदा," चन्नवीर म्हणाला. टक्. त्यानं डोळे मिटले, मान डोलावली आणि पुटपुटला, "गट्टी... गट्टी."

ओंडक्यामागून ओंडका पुकारत लिलाव त्याच्या पाठीशी येऊन ठेपला होता. ओंडक्याच्या टोकाला तडा दिसत होता, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नव्हतं. लिलाव पुकारणाऱ्या वनखात्याच्या साहेबांनी ती डोललेली मान पाहिली आणि तीन मोजले. "एकेचाळीस, सोलापूरवाले!"

गट्टी म्हणजे कानडीत भक्कम. परतवाड्याचा एक व्यापारी मराठीच समजला. "काऊन जी, लाकडासंगं गट्टी झाली काय?" सगळे खो खो हसले.

विरुपाक्ष लाल झाला. "मामा, ती मान हाय का झोका? गेलं की बेचाळीस!"

ते गेलंच. त्याच व्यापाऱ्यानं घेतलं.

चन्नवीरनं खिशातून बारीक तार काढली आणि तड्यात सरकवली. तार वीतभर आत गेली, थांबली. त्यानं पुन्हा दाबली. हलेना. मग टेप लावला.

"चौदा फूट हाय. फूटभर कापून टाकू. तेरा ऱ्हातंय, विरुपाक्षा! मला अकराच लागतंय!"

"आनि आत किडलं असलं तर?"

"मान मी उगं हलवली व्हय रं?"

विरुपाक्ष पावती करायला गेला. माल न्यायला डेपोचं फाटक दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता उघडणार होतं, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ओंडक्यावर, एकेचाळीसवरही, आधी वनखात्याच्या हातोड्याचा ठसा बसणार होता.