इंदूआत्याचं एकच उरलेलं चित्र

मंडळी, घाईघाईत लिहितेय. माझी इंदूआत्या चाळीसच्या दशकात, माधवनगरला नवी सून असताना, पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली भांडी रंगवायची. सासऱ्यांनी सगळी चित्रं बंबात घातली. एकच वाचलं: पितळी तांब्या, पाटा-वरवंटा, दोन कांदे.

पुराचं पाणी सांगलीच्या आमच्या घरात शिरलं होतं. आज चिखलातून ते चित्र निघालं. वाळताना रंगाच्या खपल्या पडायला लागल्या.

आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याला आता दिसत नाही. तिनं विचारलं, “काय काय ऱ्हायलंय गं?”

“तांब्या आहे, आत्या. कांदे गेले, पाटा-वरवंटाही गेला.”

“तेवढा तरी वाचीव. माझ्या हातचं दुसरं कायबी न्हाई उरलं.”

ओल्या पुठ्ठ्यावरचा रंग कसा टिकवायचा, कुणाला माहीत आहे का? पंखा लावू की नको? लवकर सांगा, तांब्याचा काठही सुटायला लागलाय.