मेयोतल्या बॉबकॅटची शेपटी

आयर्लंडमध्ये रानात बॉबकॅट, म्हणजे अमेरिकेतली आखूड शेपटीची रानमांजरं, नसतात. हे वाक्य मी पंधरा दिवस आधी लिहायला हवं होतं.

त्याऐवजी मी मेयो परगण्यातल्या कासलबारजवळच्या एका खेड्याच्या ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकला. पावसात, दगडी कुंपणावर, पाठमोरं, ठिपक्यांचं, आखूड शेपटीचं जनावर. खाली लिहिलं, "हा बॉबकॅट दिसतो. कुणीतरी पाळलेला सुटला असावा. कृपया त्याला मारू नका." मी प्राणिशास्त्राची पदवीधर. गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये काम करते. 'दिसतो'च्या जागी 'असू शकेल' लिहावं, हे तेव्हा सुचलंच नाही.

गुरुवारी मृणालताईचा फोन आला. ती कासलबारच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि त्याच खेड्यात भाड्याने राहते. तिच्याकडे गेले असतानाच मी तो फोटो काढला होता. "अगं, तुझ्या त्या बॉबकॅटपायी इथल्या मेंढ्यावाल्या डेक्लनने बंदूक काढलीय. दोन कोकरं गेली त्याची. शनिवारी संध्याकाळी कुंपणापाशी बसणार म्हणतोय."

फोटो पुन्हा मोठा करून बघितला. बॉबकॅटच्या शेपटीचं टोक वरून काळं आणि खालून पांढरं असतं. माझ्या फोटोत तिथे नुसताच करडा ठिपका होता. रात्री धड झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी निघाले. गॉलवे ते कासलबार बसनेही जाता येतं, पण खेड्यापर्यंत जायचं तर गाडी हवीच. हेडफर्ड, बॅलिनरोब असा रस्ता, दीड तास धरून चाला. शेवटचे काही मैल इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की एकाला मागे जावं लागतं. मागे जाणाऱ्याला दुसरा स्टिअरिंगवरून एक बोट उचलून धन्यवाद देतो. एरवी मला ते बोट फार आवडतं. त्या दिवशी प्रत्येक बोट उचलणाऱ्याने माझी पोस्ट वाचली असेल, असं वाटत होतं. पेट्रोल पंपावरच्या डेलीतून, म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरवरून, एग रोल घेतला. शाकाहारी असाल तर घरून डबा आणा, कारण पुढे काही मिळत नाही. गमबूट मात्र हवेतच.

डेक्लन साठीचा, शांत माणूस. त्याने आधी चहा दिला.

"मारू नका म्हणालीस तू," तो म्हणाला. "पण ते काय आहे हेही तूच सांगितलंस. मग मी कोकरं कुणाच्या भरवशावर सोडू?"

मी म्हटलं, "मला ठसे बघू द्या."

बॉबकॅट ओळखायचा तर मी पाठ केलेल्या खुणा अशा: घरच्या मांजराच्या जवळपास दुप्पट अंग, मागचे पाय उंच, गालांवर झुपके, कानांच्या मागे पांढरा डाग. ठशात चार बोटं, नखं उमटत नाहीत. फाटकापाशी चिखलात ठसे सापडले. काही नखांचे, म्हणजे कोल्ह्याचे किंवा कुत्र्याचे. एक ओळ बिननखांची. मी शेजारी दोन युरोचं नाणं ठेवलं. ठसा नाण्याहून जेमतेम मोठा. बॉबकॅटचा याच्या दुप्पट तरी भरला असता.

"लहान आहे," मी म्हटलं.

"पिल्लू असेल," डेक्लन म्हणाला. त्याला तरी काय दोष द्यायचा? पिल्लू नसेलच, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

सहाच्या सुमारास मृणालताईही आली आणि आम्ही तिघं कुंपणाआड बसलो. डेक्लनच्या मांडीवर बंदूक, माझ्या हातात दुर्बीण. मृणालताई कुजबुजली, "दे, दुर्बीण मी धरते."

"नको ताई. मलाच बघायला हवं."

आणि ते आलं. भिंतीवरून, सावकाश. डेक्लनने बंदूक उचलली. दुर्बिणीत आधी नुसती भिंतच दिसली. मग कान दिसले. मागून सगळे करडे, पांढरा डाग नाही. शेपटीचं टोक वाकडं, त्यावर केसच नाहीत. तुटलेली शेपटी.

"थांबा," मी म्हटलं. "मांजर आहे. घरचं मांजर. मी चुकले."

"नक्की?"

"नक्की. तेव्हा मला माहीत नव्हतं, तरी मी लिहिलं."

त्याने बंदूक खाली केली. मांजर भिंतीवरून उतरून टेकडीपलीकडच्या घराकडे निघालं. आम्ही मागोमाग गेलो. दारात नोरा नावाच्या आजी उभ्या होत्या. नाताळानंतरच तिथे राहायला आलेल्या, त्यामुळे डेक्लनचीही ओळख जुजबीच. त्यांनी मांजराला उचलून छातीशी धरलं.

"बिस्किट, कुठे गेली होतीस तू?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाहेर बॉबकॅट फिरतोय म्हणून भाचीने वाचून दाखवलं. पंधरा दिवस हिला कोंडून ठेवलंय मी. आज खिडकीतून निसटली. तुम्हाला दिसला का तो?"

डेक्लनने माझ्याकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं. सगळं सांगितलं, बंदुकीसकट. आजींनी मांजराला आणखी घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "शेपटी फाटकात अडकून तुटली होती हिची." आणि चहाची किटली ठेवायला आत गेल्या. डेक्लन नुसता "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे', आणि आत जाऊन बसला. कोकरं कोल्ह्याने नेली असतील, हेही त्यानेच बोलून टाकलं. मी त्यावर मत दिलं नाही.

रविवारी गॉलवेला परतल्यावर ग्रुपवर दुरुस्ती लिहिली. ती चार ओळींची पोस्ट लिहायला मला सकाळच्या प्रवासाहून जास्त वेळ लागला. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. औषधाच्या बाटलीपासून वीजबिलापर्यंत सगळं माझ्यापुढे यायचं, आणि 'माहीत नाही' म्हटलं की आईचा चेहरा उतरायचा. म्हणून मी ते म्हणणं कधीच सोडून दिलं होतं.

संध्याकाळी बाबांचा फोन. त्यांचं संगमनेरला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. "सापडला का गं तुझा वाघ? दुकानात रोज विचारत्यात लोक."

"वाघ नव्हता, बाबा. मांजर होतं. मी चुकले."

पलीकडे पंपाने हवा भरल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आता लोकांना काय सांगू मी?"

"हेच सांगा."

"बरं. पण मांजर वाचलं ना?"

"वाचलं."

"मग दोन्ही सांगतो," बाबा म्हणाले, आणि पंप पुन्हा सुरू झाला.