बाळूचे हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण कृपा करून हळहळू नका. माझा संताप होतो. तेव्हाची मी, ती गोड, हुशार, सगळ्यांची लाडकी शालू, आठवली की तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही कलकत्त्यातच जन्मलेले मराठी. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होते. ताई, माझी थोरली बहीण, बालीगंजला राहायची, भावोजी बँकेत. त्यांचा मुलगा बाळू. तान्हा असताना त्याच्या लंगोटात नारिंगी रेतीसारखे कण दिसायचे. पुढे मान धरेना, बसता येईना. आणि दात आल्यावर — कसं सांगू? — तो स्वतःचे ओठ चावायला लागला. मग बोटं. रक्त येईपर्यंत. रडायचा, आणि रडत रडतच चावायचा.

डॉक्टर म्हणाले, हट्टी आहे. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, आईचं लक्ष नाही. भावोजी त्याला मारायचे. मारल्यावर ताईकडे असं बघायचे की पुढचा फटका तिलाच बसणार. बाळूला तुटकं तुटकं बोलता यायचं. मी गेले की हात पुढे करायचा. "मावशी, बांध." त्यालाच भीती वाटायची हो, स्वतःच्या हातांची! मी मोजे चढवून हात बांधले की शांत व्हायचा. हसायचासुद्धा.

आणि एक दिवस वर्गात आमच्या सरांनी प्युरीन शिकवायला घेतलं. पेशी हा डीएनएमधला घटक नव्याने तयार करतात, आणि मोडलेल्यातलं वेचून पुन्हा वापरतातही. हे वेचण्याचं काम करणारं एक एन्झाइम काही मुलांत जन्मतःच नसतं. मग मोडलेलं सगळं वाया जातं, नवं बनवण्याला लगाम राहत नाही, आणि रक्तात युरिक ॲसिड साचत जातं. लघवीत खडे होतात. "अशी मुलं," सर म्हणाले, "स्वतःचे ओठ आणि बोटं चावतात. वेड नव्हे, हट्टही नव्हे. दोष आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका."

मी घाबरले. बाळूसाठी? नाही! इथेच तर गोम आहे. मला पहिला विचार आला तो माझा. ताईत आहे, म्हणजे आईत असणार. म्हणजे कदाचित माझ्यातही. आणि हावड्याच्या एका कारखानदारांकडे माझी बोलणी चालली होती. मुलगा मला आवडला होता. आमची मराठी मंडळी ती किती — एका घरात शिंक आली तर साऱ्यांना कळणार. या घरच्या मुलींच्या पोटी असली मुलं होतात, हे कळल्यावर कोण करून घेणार होतं मला?

त्याच आठवड्यात ताईने विचारलं. गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "शालू, तू एवढं शिकतेस. खरं सांग, माझंच काही चुकतंय का गं?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "थोडं जास्त लक्ष द्यायला हवंस, ताई."

ती मान हलवून "हं" म्हणाली. पुढचा कपडा पिळला.

माझं लग्न झालं. ताईला पुन्हा दिवस गेले. बातमी सांगताना तिचा चेहरा फुलला होता — "या खेपेला नीट वाढवीन बघ." तेव्हा तरी सांगितलं? मी पेढा खाल्ला. दुसराही मुलगाच झाला, आणि तोही तसाच निघाला.

यावर इलाज नव्हता, सांगून काय झालं असतं — ही पळवाट मी वर्षानुवर्षं वापरली. थुंकते मी तिच्यावर. बाळूचा मार थांबला असता. युरिक ॲसिड उतरवणारं औषध तेव्हा आलं होतं. चावणं थांबलं नसतं, पण त्याची मूत्रपिंडं टिकली असती. मूत्रपिंडांनीच गेला तो. धाकटाही त्याच वाटेने गेला. आणि दुसऱ्या खेपेचा निर्णय ताईने डोळे उघडे ठेवून घेतला असता. तो हक्क मी तिच्यापासून चोरला.

मला दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा नऊ महिने जीव मुठीत धरून काढले, पण तोंड उघडलं नाही. दोघेही धडधाकट. बहुधा ते माझ्यात नव्हतंच. माझ्या धाकट्याच्या बारशाला ताई आली, रिकाम्या घरातून उठून. बाळाला मांडीवर घेतलं, त्याची बोटं एकेक करून उलगडली आणि साऱ्या बायकांदेखत म्हणाली, "आमच्या शालूला जमतं हो मुलं सांभाळायला. मला नाही जमलं."

बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी हसले.