दिवेलागणीच्या पाण्याची तरमीम

तरमीम हा शब्द मी माहेरी शिकले. आमचे वडील बीडच्या कचेरीबाहेर लिंबाच्या सावलीत बसून लोकांचे अर्ज लिहीत. निजामाच्या मोगलाईचे दिवस, कचेरीची भाषा उर्दू. खेड्यातला माणूस आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचा आणि वडील ते उर्दूत उतरवायचे. शिकवायची त्यांना फार हौस. मी एकुलती एक, म्हणून ती लिपी त्यांनी मलाच शिकवली. सरकारनं आधी दिलेल्या हुकुमात करून घेतलेली दुरुस्ती म्हणजे तरमीम, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. सासरी त्याचा काही उपयोग होईल, असं मात्र मनातही आलं नव्हतं.

सासर सिंदफणेच्या काठी. आमची पाणचक्की होती. नदीत दगडी बंधारा, तिथून निघालेला पाट, पाटाच्या टोकाला मोठं लाकडी चाक आणि वर जातं. चकलांब्यापासून लोक बैलगाडीत ज्वारी घालून दळायला यायचे. चाकावरून पडलेलं पाणी पुढे आमच्या पेरूच्या बागेत जायचं आणि उरलेलं बागेच्या खाली पुन्हा नदीला मिळायचं. चक्कीचा इजाजतनामा, सरकारी परवाना, मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावावर होता. त्यात अट अशी की पाणी फक्त दळणासाठी आणि फक्त सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घ्यायचं. चाकावरून पडलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं, याबद्दल त्यात काही नव्हतं. सूर्य मावळला की मामंजी स्वतः जाऊन पाटाचं दार खाली सोडत. मग नदी बंधाऱ्यावरून आपल्या वाटेनं वाहू लागे.

जातं थांबलं तरी काम थांबत नसे. पीठ भरायचं, सांडलेलं झाडून काढायचं, जात्याच्या दगडांना टाकी लावून धार काढायची. आत सगळा काळोख आणि हवेत पिठाची धूळ. कंदील लावावाच लागे. एका संध्याकाळी माझ्या थोरल्या जाऊबाई पोतं सरकवत होत्या. कंदील कलंडला आणि त्यांच्या पदरानं पेट घेतला. मी जवळच होते. ओलं पोतं अंगावर टाकून मी त्यांना खाली पाडलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती कायमची. सिरसाळ्याच्या माहेरी असताना त्या गोधड्या इतक्या सुरेख शिवायच्या की शेजारपाजारच्या बायका नमुना बघायला यायच्या. नंतर त्यांनी सुई हातात धरली नाही.

थोरले भावजी, म्हणजे जाऊबाईंचे मालक, त्या दिवसापासून चक्कीत कंदील नेऊ देईनात. माझे मालक कामासाठी जालन्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी कापसाच्या एका जिनिंगात विजेचे दिवे पाहिले. परत आल्यावर म्हणाले, "दादा, दिव्याला ज्योतच न्हाई. काचेच्या आत तार पेटती. पीठ उडालं तरी धोका न्हाई. आन् आपल्याकडं चाक हायच." दोघा भावांनी मिळून जुना डायनामो मिळवला. एक मिस्त्री आला. त्यानं चाकाच्या दांड्याला पट्टा जोडला आणि एका संध्याकाळी, मामंजी परगावी असताना, पाटाचं दार उघडं ठेवून चाक चालवून पाहिलं. दिवा लागला. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा ओसरलेली पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीवरचे म्हातारे धनगर आले. बंधारा आणि बागेची हद्द यांच्या मधोमध नदीत एक डोह होता. वस्तीवरची मेंढरं तिथं पाणी प्यायची. मामंजी नुकतेच परतले होते.

म्हातारबा म्हणाले, "पाटील, काल म्या मेंढरं घेऊन डोहावर गेलतो. पाणी उतरलेलं. दिवस मावळल्यावर तुमचं दार पडतंय म्हणून आमी त्या टायमाला येतो. काल पडलंच न्हाई."

मामंजींनी मुलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चूक झाली, आबा. आज दार पडंल."

म्हातारबा गेल्यावर त्यांनी डायनामोचा पट्टा काढून ठेवायला सांगितलं. भावजी चिडले. "माझ्या घरात माणूस जळालं, बापू. दिवा नको म्हणता?"

"दिवा पायजे. पण हुकूम घेऊन. इजाजतनाम्यात वीज न्हाई, रातही न्हाई."

तेव्हा मी पदर सावरून जाऊबाईंच्या कानात म्हटलं की याची तरमीम मागता येते. जाऊबाईंनी ते मोठ्यानं सांगितलं. मामंजींनी पेटीतून इजाजतनामा काढून समोर ठेवला. मग म्हणाले, "धाकटीला दौत-लेखणी द्या."

आमच्या घरात सुनेनं उर्दूत सरकारी अर्ज लिहिला तो असा. मजकूर फार नव्हता. दळणासोबत वीज तयार करण्याची परवानगी आणि सूर्यास्तानंतर काही वेळ पाणी घेण्याची मुभा. का हवी, तेही लिहिलं. जाऊबाईंच्या हाताबद्दल लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव्ह. खरं तेच लिव्ह."

तहसिलीतून अर्ज पुढे गेला. गावात आणि वस्तीवर दवंडी पिटली गेली की कुणाची हरकत असेल तर कळवावी. धनगरांनी हरकत घेतली. भावजींना वाटलं की मामंजींनी वस्तीवर जाऊन चार शब्द बोलावेत आणि हरकत मागे घ्यायला लावावी. मामंजी म्हणाले, "त्यांचं पाणी हाय. कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी आणि जाऊबाई गेलो. वस्तीवर म्हातारबांची बायको लोकर कातत बसली होती. तिनं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं, ताक दिलं. जाऊबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढून दाखवला. म्हातारीनं तो आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"बाई, आमी दिव्याला नगं म्हणत न्हाई," ती म्हणाली. "मेंढरं दिसभर रानात असतेत. उन्हानं जीभ बाहेर येती. दिवस मावळताना पाण्यावर येतेत, तवाच डोह आटला तर त्यास्नी काय सांगावं?"

मी विचारलं, "आजी, पाणी चाकावरून पडून परत डोहाच्या वर आलं तर?"

"मग आमाला काय. पाणी आलं म्हंजे झालं. पण ते तर तुमच्या बागेत जातंय की."

खरं तेच होतं. चाक पाणी खात नव्हतं, पाणी खात होती बाग. आणि ती बाग भावजींनी स्वतःच्या हातानं लावलेली. खडकाळ जमीन फोडून, गाळ वाहून आणून त्यांनी ती उभी केली होती. परत येताना मी जाऊबाईंना मनातलं सांगितलं. त्या चालता चालता थांबल्या. "ह्यांना म्या सांगते," म्हणाल्या. "तू नको बोलू."

त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ओसरीवरून भावजींचा आवाज मात्र आला. "दिवा तर लागलाच पायजे, पण बागेचं पाणी कशापायी सोडायचं? इतकी वर्षं कुणी काही म्हणलं?" संध्याकाळी ते कुदळ घेऊन चाकाखालच्या खड्ड्यापाशी गेले आणि तिथून नदीपर्यंतच्या उताराकडे बघत उभे राहिले. सकाळी त्यांनी मामंजींना सांगितलं, "दिवसा बाग, दिवेलागणीनंतर नदी. चर म्या खणतो."

मी दुसरा अर्ज लिहिला, पहिल्याला पुरवणी म्हणून. सूर्यास्तानंतर घेतलेलं पाणी चाकावरून पडताच नव्या चरानं डोहाच्या वरच्या अंगाला नदीत सोडू, बागेत नेणार नाही. आणि ज्या दिवसांत बंधाऱ्यावरून पाणी वाहत नसेल, त्या दिवसांत सूर्यास्तानंतर दार उघडणारच नाही. हे आश्वासन म्हणून न घेता तरमिमीत अट म्हणून लिहावं, अशी विनंती केली.

मुआयन्यासाठी, म्हणजे जागेच्या पाहणीसाठी, हैदराबादहून नेमणूक झालेले इंजिनियर साहेब घोड्यावरून आले. सोबत तहसिलीचा मुन्शी आणि दोन चपराशी. साहेब वयानं तरुण, अतिशय सभ्य. बंधारा, पाट, चाक सगळं त्यांनी पायी फिरून पाहिलं. दुर्बीण लावलेली पेटी तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून उतार मोजला आणि भावजींनी आखलेला चर थोडा वळवायला सांगितला. आहे तसा खणला तर पुराचं पाणी उलटं चाकात शिरेल, म्हणाले. तेवढं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भावजींनी तिथल्या तिथे खुंट्या उपटून नवीन रेषा आखली.

मग झाडाखाली सगळे बसले. वस्तीवरची माणसंही आली होती. साहेबांनी दोन्ही अर्ज हातात घेतले आणि विचारलं, "यह किसने लिखा है?"

मामंजी म्हणाले, "हमारी छोटी बहू ने."

मुन्शी हसला. साहेब हसले नाहीत. "उनसे एक बात पूछनी है, इजाजत हो तो."

मी चक्कीच्या दारामागे उभी होते. मामंजींनी मला बाहेर बोलावलं. परक्या पुरुषांपुढे असं उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. पदर कपाळावर ओढून मी जाऊबाईंच्या शेजारी थांबले.

साहेबांनी विचारलं, "बीबी, अट लावायचं काम सरकारचं. अर्जदार ती टाळायला बघतो. तुम्ही मागून घेताय. तुमच्या सासऱ्यांचा शब्द पुरेसा नाही का?" हे ते उर्दूत बोलले. मला सगळं समजलं आणि मी उर्दूतच उत्तर दिलं.

"इनकी जबान काफी है, साहब. मगर हम सब एक दिन चले जाएँगे. नदी यहीं रहेगी और भेड़ें भी आती रहेंगी. हमारे बाद जो आए, उसे भी मानना पड़े, इसलिए."

साहेबांनी मान हलवली आणि म्हाताऱ्या धनगराला विचारलं की असं लिहिलं तर हरकत राहील का. मुन्शीनं ते मराठीत समजावून सांगितलं. म्हातारबा म्हणाले, "न्हाई. पण चर तयार झाल्यावर दार उघडायचं. आधी न्हाई." साहेबांनी तेही लिहून घेतलं.

सगळे उठल्यावर मामंजी माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबले. सासऱ्यानं सुनेचं तोंडावर कौतुक करायची आमच्यात रीत नव्हती. ते जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "धाकटीला म्हणावं, लई चांगलं बोलली." त्या एका वाक्यानं मला जे वाटलं ते नंतर कधी कुठल्या दागिन्यानं वाटलं नाही.

चर खणायला भावजींसोबत वस्तीवरची माणसंही आली. खडक लागला तिथे सगळ्यांनी मिळून सुरुंगाऐवजी पहार चालवली, कारण सुरुंगानं बंधारा हलला असता. हुकूम यायला वेळ लागला. आला तेव्हा मीच वाचून दाखवला. ओसरीवर घरचे, अंगणात वस्तीवरचे. माझी वाक्यं जशीच्या तशी होती, फक्त कचेरीच्या थाटानं थोडी लांबवलेली. एकेक कलम उर्दूत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. म्हातारबांनी डोहाचं कलम पुन्हा वाचायला लावलं आणि ऐकताना डोळे मिटून घेतले.

पहिल्या संध्याकाळी मेंढरं पाणी पिऊन गेली, मग दिवा लावला. खटका ओढायला मामंजींनी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी तो आखडलेल्या हातानंच ओढला. जात्याचे दगड, पोत्यांची थप्पी, छताला लटकलेली पिठानं माखलेली जळमटं, सगळं एकदम उजळलं. वस्तीवरच्या बायका आत येऊन दिव्याखाली उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसल्या. पुढं त्या उजेडात आम्ही बायका पीठ भरायचो, गप्पा मारायचो. एका हिवाळ्यात जाऊबाईंनी डाव्या हातानं टाके घालायचा प्रयत्न सुरू केला. वेडेवाकडे यायचे, पण त्या घालत राहिल्या.

त्यानंतर काही वर्षांनी पावसानं ओढ दिली. बंधाऱ्यावरून पाणी वाहायचं थांबलं तसं भावजींनी संध्याकाळचं दार बंद केलं. चक्की दिवसाही जेमतेम चालायची. त्या दिवसांत पंचक्रोशीतल्या एका बड्या जमीनदाराच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड आमच्या चक्कीशेजारच्या मळ्यात उतरणार होतं. तो स्वतः आला. त्याला मांडवात विजेचे दिवे हवे होते.

मामंजी तेव्हा थकले होते, अंथरुणावरच असायचे. भावजी ओसरीवर बसले होते. मी आत ज्वारी निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"एका संध्याकाळनं काय होतंय?" तो म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"बंधाऱ्यावरून पाणी न्हाई," भावजी म्हणाले. "आमच्या इजाजतनाम्यात मनाई हाय."

"सायबाला सांगतो म्या. कुणी घातली मनाई?"

"सायबानं न्हाई घातली. आमीच मागून घेतली."

तो उठून गेला. लग्न मशालींच्या उजेडात लागलं आणि मेंढरं डोहावर येत राहिली. जमीनदार येऊन गेला त्या दुपारी भावजी आत येऊन जेवायला बसले. जाऊबाईंनी भाकरी वाढली, मी पिठलं वाढलं. जेवून हात धुताना ते मला म्हणाले, "तुमचं ते कलम आज कामाला आलं." आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याशी थेट बोलले. मी त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले.